अंतराचा प्रश्न : पक्षी छायाचित्रणातील फोकस आणि रचना

म्हाळगीनगर चौकातून हुडकेश्वर रस्त्याने बाहेर पडले की नागपूर हळूहळू विरळ होत जाते. घरांच्या रांगा, मग लेआउटमधले मोकळे प्लॉट, त्यांच्या हद्दीचे दगड, बाभळी, पावसाचे पाणी धरून ठेवणारे खड्डे आणि पलीकडे काळ्या मातीची शेते. या मधल्या पट्ट्यात पक्षी भरपूर आहेत. विजेच्या तारांवर वेडा राघू आणि कोतवाल, मोकळ्या प्लॉटवर टिटवी, गाईम्हशींच्या पायाशी गायबगळे, साचलेल्या पाण्याच्या काठी वंचक आणि खंड्या, जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळा, हिवाळ्यात धोबी. लांब लेन्स गळ्यात अडकवून पहाटे निघणारी माणसेही शहराच्या अशा सगळ्याच कडांवर आता नवी राहिलेली नाहीत.

या छंदात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा चर्चेला येतात. फोटो शार्प का येत नाही, हा पहिला. शार्प आलेला फोटोही मनाला का भिडत नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर यंत्रात शोधले जाते आणि दुसऱ्याचे कलेच्या नियमांत. दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले आहे, पण बहुधा वेगवेगळ्या बैठकांत. हे सगळे एकत्र मांडून पाहिले तर बहुतेक मतभेद एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात, असे मला वाटते. ती गोष्ट म्हणजे पक्षी आणि छायाचित्रकार यांच्यातले अंतर.

घरट्यापासून बर्स्टपर्यंत

पक्ष्यांच्या छायाचित्रणाची सुरुवात घरट्यापाशी झाली, आणि त्याचे कारण फोकसच होते. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांचे पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक १८९५ मध्ये निघाले. त्यांचे कॅमेरे अवजड होते, काच-प्लेट एका वेळी एकच आणि फोकस हाताने लावायचा. उडत्या पक्ष्याच्या मागे असा कॅमेरा फिरवणे अशक्य होते. पक्षी नक्की परत येईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे घरटे. तिथे आधी फोकस लावायचा, आडोशात बसायचे आणि वाट पाहायची. आडोसा म्हणून कीर्टन बंधूंनी पेंढा भरलेल्या बैलाचे कातडेही वापरले होते.

आपल्याकडेही हीच पद्धत आली. लोक वान थो हे सिंगापूरचे चित्रपटगृह-व्यावसायिक, पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचे मित्र. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते भारतात आले आणि पुढे त्यांच्याबरोबर पक्षी टिपत हिंडले. त्या पिढीच्या उत्तम चित्रांमध्ये घरट्यावरचे पक्षी मोठ्या संख्येने दिसतात. पिलांना भरवणारी मादी, फांदीच्या टोकावर क्षणभर थांबलेला नर, चौकटीच्या मधोमध घरटे ही रचना त्या काळाची आवड होती असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती बऱ्याच अंशी त्या काळच्या फोकसची मर्यादा होती.

१९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि बॉडीतच ऑटोफोकस असलेले एसएलआर कॅमेरे रूढ झाले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पक्षी घरट्यापासून सुटला. हलत्या विषयावर सतत फोकस धरून ठेवणारा मोड, सेकंदाला आठ-दहा फ्रेम आणि डिजिटलमुळे फुकट झालेली प्रत्येक फ्रेम यांनी उडता पक्षी सामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्यात आणला. मराठी मध्यमवर्गासाठी खरा बदल मात्र लेन्सने केला. २०१३ ते २०१५ या काळात टॅमरॉन आणि सिग्माच्या १५०-६०० आणि निकॉनची २००-५०० अशा झूम लेन्स आल्या. ६०० मिलीमीटरची एफ/४ लेन्स आजही दहा लाखांच्या वर जाते. या झूम तिच्या किमतीच्या अगदी लहान अंशात मिळू लागल्या. निकॉनचा पी९०० हा ८३ पट झूमचा छोटा कॅमेराही २०१५ चाच. नागपूर, अमरावती, चंद्रपूरच्या नोकरदारांच्या हातात लांब पल्ला आला तो या वर्षांत.

शेवटची उडी आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांची. २०२० मध्ये कॅननच्या ईओएस आर५ ने आणि २०२१ च्या सुरुवातीला सोनीच्या अल्फा १ ने पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस ठेवण्याची सोय दिली. आज मधल्या किमतीच्या कॅमेऱ्यांतही ती असते.

डोळा सापडला की काम झाले का

डोळा शार्प हवा, याबद्दल वाद नाही. डोळ्यात उजेडाचा ठिपका असेल आणि पापणीची कड स्वच्छ असेल, तर शेपूट थोडी मऊ असली तरी चालते. वाद आहे तो डोळ्यापर्यंत पोहोचण्याच्या मार्गाबद्दल.

एका बाजूचे म्हणणे असे की हा प्रश्न कॅमेऱ्याने सोडवला आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकसचा सेन्सर वेगळा असायचा. बॉडी आणि लेन्सचा मेळ बसला नाही तर फोकस कायम थोडा पुढे किंवा मागे पडायचा आणि तो जुळवत बसावे लागायचे. मिररलेसमध्ये चित्र घेणाऱ्या सेन्सरवरच फोकस ठरतो, त्यामुळे ही कटकट गेली. बिंदू हलवण्यात जाणारे लक्ष आता पार्श्वभूमी, उजेड आणि पक्ष्याच्या हालचालीकडे देता येते. हा मुद्दा वजनदार आहे. फोकसची चिंता कमी झाली की नजर मोकळी होते, हे कोणत्याही नवशिक्याच्या फोटोंत महिन्याभरात दिसते.

दुसऱ्या बाजूचे लोक बहुधा आरशाच्या कॅमेऱ्यावर हात बसलेले. त्यांना ही सोय हवी आहे, पण तिच्यावर विसंबणे नको आहे. हुडकेश्वरसारख्या ठिकाणी त्यांचे म्हणणे पटते. गवतात दडलेल्या वंचकापुढे चार काड्या आडव्या असल्या की कॅमेरा काडी पकडतो. कोतवालाचे काळे अंग आणि त्यात बुडालेला गडद डोळा ढगाळ सकाळी यंत्राला ओळखूच येत नाही. बाभळीच्या आतल्या फांदीवर शिंपी असेल तर काटे आधी सापडतात. अशा वेळी एकच छोटा बिंदू, मागच्या बटणावर फोकस आणि शटरवर वेगळे बोट हीच जुनी पद्धत कामी येते. दोन बटणांवर दोन्ही मोड ठेवणे हा मधला मार्ग आज बरेच जण घेतात. मला तो शहाणपणाचा वाटतो.

पण दोन्ही बाजू एका गोष्टीवर कमी बोलतात, ती म्हणजे फोकसची खोली. ६०० मिलीमीटर, एफ/६.३, फुल-फ्रेम कॅमेरा आणि पक्षी दहा मीटरवर असेल, तर नेहमीच्या हिशेबाने शार्प पट्टा साधारण दहा सेंटीमीटरचा असतो. पाच मीटरवर तो अडीच सेंटीमीटरच्या आसपास येतो. समोरून टिपलेल्या खंड्याची चोच आणि डोळा एका वेळी या पट्ट्यात मावणार नाहीत. कॅमेऱ्याने डोळा अचूक पकडला तरी चोच मऊ येणारच. उपाय दोनच: पक्षी बाजूने वळेपर्यंत थांबणे किंवा छिद्र लहान करणे. छिद्र लहान केले तर उजेड कमी होतो आणि मागची भिंत उठून दिसू लागते. म्हणजे फोकसचा निर्णय इथेच रचनेचा निर्णय झाला.

शटरच्या वेगाचेही तसेच. सेकंदाला दहा मीटर वेगाने जाणारा पक्षी एक दोन-हजारांश सेकंदात पाच मिलीमीटर सरकतो, सेकंदाच्या पाचशेव्या भागात दोन सेंटीमीटर. पक्ष्याबरोबर कॅमेरा सफाईने फिरवला तर अंग थांबते, पंख तरीही वाहतात. पंखांचे हे वाहणे दोष मानायचे की उड्डाणाची खूण, यावर एकमत नाही. संध्याकाळी मुक्कामाला परतणाऱ्या गायबगळ्यांच्या थव्याचे मुद्दाम संथ शटरने घेतलेले फोटो काहींना चित्रासारखे वाटतात, तर काहींना ते नुसते हललेले वाटतात.

विदर्भाची हवा

बाहेरच्या मार्गदर्शक पुस्तकांत ज्या विषयाला दोन ओळी मिळतात, तो नागपूरकडे सगळ्यात मोठा आहे. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. काळी माती, डांबर आणि लेआउटमधले सिमेंटचे रस्ते सकाळी नऊलाच तापतात. जमिनीलगतची गरम हवा वर उठते, थंड हवा खाली येते, आणि त्या दोन्हींतून येणारा प्रकाश क्षणाक्षणाला वेगळा वाकतो. फोटोत पिसांची कड वितळल्यासारखी येते. डोळ्यावर फोकसची हिरवी चौकट बसलेली असते, शटर वेगवान असतो, हात स्थिर असतो, तरीही प्रत्येक फ्रेम मऊ. अनेक जण अशा वेळी लेन्स दुरुस्तीला पाठवतात. लेन्स निर्दोष असते.

या थरथरीवर कोणताही ऑटोफोकस चालत नाही, कारण विषयापासून निघालेला प्रकाशच विस्कटून येतो. सलग फ्रेमच्या लांबलचक बर्स्टमध्ये हवा क्षणभर निवळलेली एखादी फ्रेम हाती लागते, एवढेच. हिवाळाही यातून सुटत नाही. थंड पहाटेनंतर ऊन चढू लागले की ओल्या शेतावर आणि तलावाच्या पाण्यावर हीच थरथर उठते; विदर्भातल्या तलावांवर दूरवर बसलेले पट्टकदंब दहा वाजता टिपणाऱ्यांना तिचा अनुभव असतो. गाडीच्या खिडकीतून टिपतानाही ती भेटते, कारण गाडीतली हवा आणि बाहेरची हवा काचेच्या कडेशी मिसळत असतात. पावसाळ्यात एसी गाडीतून बाहेर काढलेल्या लेन्सवर धुके धरते, तो प्रकार वेगळा आणि दहा-पंधरा मिनिटांत सुटणारा.

इथे रचनेचा सर्वमान्य सल्ला आणि फोकसची गरज समोरासमोर येतात, आणि हा तिढा मला या सगळ्या चर्चेतला सर्वात महत्त्वाचा वाटतो. रचनेचा सल्ला सांगतो: जमिनीवर आडवे व्हा, कॅमेरा टिटवीच्या डोळ्याच्या पातळीला आणा. असे केले की पुढची आणि मागची जमीन मऊ पट्ट्यांत विरते आणि पक्षी आपल्या बरोबरीचा वाटतो. सल्ला खरा आहे. वरून टिपलेली टिटवी नुसती नोंद वाटते. पण जमिनीलगतची हवाच सर्वात जास्त तापलेली असते. आडवे झालेल्या छायाचित्रकाराचा प्रकाश नेमका त्या थरातून लांबवर येतो. उभे राहिले तर फोटो थोडा स्वच्छ, पण रचना पडते. आडवे झाले तर रचना साधते आणि पिसे विरघळतात.

यातून सुटण्याचा मार्ग लेन्समध्ये सापडत नाही. उलट लेन्स जितकी लांब, तितका दूरचा पक्षी टिपायचा मोह आणि तितका हवेचा थर जाड. पंधरा मीटरवरची टिटवी सकाळी साडेसातला जमिनीवरून स्वच्छ येते. साठ मीटरवरची टिटवी साडेनऊला कुठूनही येत नाही. वेळ आणि अंतर, दोन्ही छायाचित्रकाराच्या हातात आहेत. डिसेंबरमध्ये नागपूरला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. पहिला तास-दीड तास उजेड तिरपा, रंग उबदार आणि हवा शांत असते, पण उजेड थोडा असल्याने आयएसओ वाढतो आणि नॉइज येतो. एफ/४ आणि एफ/६.३ यांच्यातला फरक, म्हणजे जवळपास अडीच पट प्रकाश, याच तासात जाणवतो. नॉइज पुढे बऱ्यापैकी कमी करता येतो; विस्कटलेला तपशील परत येत नाही. म्हणून माझा कल नेहमी लवकरच्या वेळेकडे आहे.

तार चौकटीत ठेवायची की काढायची

रचनेच्या काही नियमांवर आता फारसे मतभेद उरलेले नाहीत. पक्षी ज्या बाजूला पाहतो तिकडे मोकळी जागा ठेवावी, तो मधोमध कोंडू नये, शेपूट किंवा पंख कापू नये, डोक्यामागून फांदी निघाल्यासारखी दिसू नये, मान किंचित कॅमेऱ्याकडे वळलेली असावी. पार्श्वभूमी मऊ होणे फक्त छिद्रावर अवलंबून नसते. पक्षी आपल्या जवळ आणि मागचे झाड पक्ष्यापासून दूर असेल तर एफ/८ लाही ती विरते. अनुभवी लोक आधी पार्श्वभूमी शोधतात आणि मग तिच्यापुढे पक्षी येण्याची वाट पाहतात.

मतभेद सुरू होतो तो चौकटीत पक्षी किती मोठा असावा यावर. एका परंपरेला पक्ष्याची जवळची प्रतिमा हवी: पीस न् पीस दिसणारी, मागे एकसारखा हिरवा किंवा तपकिरी रंग. या पद्धतीने पक्ष्याच्या सौंदर्याकडे लोकांचे लक्ष वेधले आणि ओळख पटवायला मदत केली, हे तिचे श्रेय आहे. तिच्यावरचा आक्षेप असा की असे दहा फोटो शेजारी ठेवले तर पक्षी कुठला, ऋतू कोणता, तो जगतो कशावर, यातले काहीच कळत नाही. दुसऱ्या परंपरेला अधिवास हवा. पक्षी चौकटीचा दहावा भाग व्यापेल, उरलेल्या भागात त्याचे जग असेल. यात जोखीम मोठी आहे, कारण उरलेले नऊ भागही रचावे लागतात, आणि लहान पडद्याच्या मोबाइलवर पक्षी हरवतो.

हुडकेश्वरमध्ये अधिवास म्हणजे काय, हा खरा कसोटीचा प्रश्न. इथला वेडा राघू तारेवर बसतो, टिटवी प्लॉटच्या सीमादगडाशेजारी अंडी घालते, पिंगळा भिंतीच्या भोकातून डोकावतो. निसर्ग-छायाचित्रांच्या स्पर्धांत माणसाच्या हातच्या वस्तू सहसा नको असतात. एफआयएपी, पीएसए आणि आरपीएस या छायाचित्रण-संस्थांनी मिळून २०१४ मध्ये ठरवलेल्या व्याख्येतही हे तत्त्व आहे. मात्र त्याच व्याख्येत अपवादही दिला आहे: माणसाने बदललेल्या परिसराशी जुळवून घेतलेल्या प्राण्यांच्या बाबतीत, म्हणजे गव्हाणी घुबड किंवा बलाक यांच्यासारख्यांच्या बाबतीत, त्या वस्तू निसर्गकथेचा भाग असतील तर चालतात. आपल्याकडे तत्त्व पाठ आहे, अपवाद विसरला जातो. परिणामी लोक तार टाळण्यासाठी तासभर फिरतात किंवा घरी येऊन ती पुसतात.

तार टाळणाऱ्यांची बाजूही समजून घ्यावी लागते. तार बहुतेक वेळा खरोखरच वाईट रेषा असते. ती चौकट कापते आणि तिच्यावरच्या पक्ष्यामागे पांढरे आकाश येते, ज्यात काळा कोतवाल नुसती छाया होतो. पण पहाटेच्या तिरप्या उजेडात पाच तारांवर ओळीने बसलेले वेडे राघू ही रचना कुठल्याही फांदीपेक्षा कमी नाही. इथे चांगली तार आणि वाईट तार वेगळी करायला शिकणे, हे माझ्या मते फांदी शोधण्यापेक्षा जास्त मोलाचे.

जवळ जाण्याची किंमत

अंतर कमी करणे हा उपाय मानला, तर लगेच पुढचा प्रश्न येतो: कसे? घरट्यापाशी जाणे हा जुना मार्ग आज बहुतेक गंभीर छायाचित्रकारांनी सोडला आहे. फांद्या बाजूला केल्या की घरटे उन्हाला आणि कावळ्यांना उघडे पडते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणेही येते. तरीही मतभेद पूर्ण मिटलेले नाहीत. सुगरणीची वसाहत विहिरीवर रस्त्यालगत लटकलेली असते. दूरवरून, रस्त्यावर थांबून ती टिपली तर बिघडले काय, असा प्रश्न काही जण करतात आणि तो प्रामाणिक असतो. पलीकडून उत्तर येते की फोटो पाहणाऱ्याला अंतर कळत नाही, त्याला फक्त घरटे दिसते आणि तो तसाच फोटो मिळवायला निघतो.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणे, खाद्य ठेवून ठरलेल्या फांदीवर बसवणे यांवरही असेच दोन तट आहेत. जूनमध्ये विदर्भाच्या जंगलात विणीला येणारा नवरंग आवाजाला चटकन उत्तर देतो, आणि नेमका तोच त्याच्या विणीचा काळ असतो. इथे मला मधला मार्ग दिसत नाही. विणीच्या काळात आवाज वाजवू नये. पाण्याचे भांडे ठेवून आडोशात बसण्याबद्दल मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. नागपूरच्या मे महिन्यात ते पाणी पक्ष्याच्या उपयोगाचेही असते.

आडोसा, गाडी आणि एका जागी बसून राहणे हे तीन मार्ग कुणालाच आक्षेपार्ह वाटत नाहीत. लेआउटच्या रस्त्यावर उभ्या गाडीला टिटवी फारशी बिचकत नाही, चालत्या माणसाला बिचकते. रोज तिथेच येणाऱ्या माणसाला वंचक काही दिवसांनी जवळ सोसतो. शहराच्या कडेला राहणाऱ्यांचा हा मोठा फायदा आहे. दूरच्या अभयारण्यात दोन दिवसांसाठी गेलेल्याला तो मिळत नाही.

टिपल्यानंतर

४५ मेगापिक्सेलच्या फ्रेमची रुंदी-उंची निम्मी केली तरी ११ मेगापिक्सेल उरतात. त्यामुळे दूरून टिपून नंतर कापणे सर्रास झाले. कापल्याने पक्ष्याला त्रास होत नाही, हा या पद्धतीचा चांगला भाग. पण कापून अंतर कमी होत नाही: हवेची थरथर तीच राहते, पार्श्वभूमी तितकीच, नॉइज मोठा दिसतो. आता शार्पपणा वाढवणारी, यंत्रशिक्षणावर चालणारी सॉफ्टवेअर मदतीला आली आहेत. काही जण त्यांना अंधाऱ्या खोलीतल्या कामाचा आजचा अवतार मानतात. आक्षेप असा की ती काही वेळा पिसांचा तपशील उजळवण्याऐवजी नवाच घडवतात.

हा आक्षेप कलेपेक्षा नोंदीच्या दृष्टीने गंभीर आहे. उदाहरणार्थ, रानपिंगळा १८८४ नंतर शंभरहून अधिक वर्षे खात्रीने दिसला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला आणि त्याचे फोटो व चित्रफीत घेतली गेली. त्याची साध्या पिंगळ्यापासूनची वेगळी ओळख डोक्यावरच्या ठिपक्यांच्या अभावासारख्या खुणांवर पटते. अशा फ्रेममध्ये सॉफ्टवेअरने चार ठिपके घातले किंवा पुसले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर रोज चढणाऱ्या फोटोंनाही हेच लागू आहे. नोंदीसाठी मऊ पण खरा फोटो चालतो. शार्प पण घडवलेला चालत नाही. छंद आणि नोंद यांची प्रत वेगळी ठेवणे, मूळ रॉ फाइल जपणे, एवढ्यावर आज सर्वसाधारण सहमती आहे.

शटर पूर्ण दाबण्याआधीच्या फ्रेम साठवणारी सोय हा नवा वाद. खंड्या फांदी सोडतो तो क्षण बोट हलण्यापूर्वीच निघून जातो. आता कॅमेरा तो मागून आणून देतो. मग क्षण ओळखण्याचे कसब कोणाचे, असे काही जण विचारतात. खंड्या कुठून आणि कुठल्या बाजूला झेपावेल हे कळल्याशिवाय कॅमेरा तिथे रोखलाच जात नाही, असे दुसरे सांगतात. मला दुसरे म्हणणे अधिक पटते.

न सुटलेले

महाराष्ट्र सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांचे जन्मदिवस त्याची दोन टोके. या आठवड्यात पक्ष्यांच्या फोटोंची प्रदर्शने भरतात आणि तिथे वर मांडलेले बहुतेक प्रश्न एका भिंतीवर दिसू शकतात. डोळा शार्प आहे का, हे आता पटकन ठरते. पक्षी चौकटीत किती मोठा असावा, तारेला स्थान किती, यंत्राने भरलेल्या तपशिलाची मर्यादा कुठे, फोटो किती अंतरावरून घेतला हे मथळ्यात लिहावे का, यांची उत्तरे अजून ठरलेली नाहीत. शेवटच्या प्रश्नाकडे मी सर्वात आशेने पाहतो. लेन्स, छिद्र, शटर हे सगळे फोटोखाली लिहायची सवय आहे. त्यांच्या शेजारी मीटरमधला एक आकडा आणि घड्याळातली वेळ लिहिली, तर नवख्याला फोटो का शार्प आला हे कळेल आणि पक्ष्याने माणसाला किती जवळ सोसले हेही.

हुडकेश्वरपुरता एक प्रश्न याहून तातडीचा आहे. इथले मोकळे प्लॉट दर वर्षी भरत चालले आहेत. जवळून घेतलेल्या, मागे नुसता हिरवा रंग असलेल्या फोटोंमधून इथली टिटवी कोणत्या जमिनीवर राहत होती हे पुढे कुणालाच सांगता येणार नाही. रुंद चौकटीतले, सीमादगड आणि तारांसकटचे, तारीख-ठिकाण लिहिलेले फोटो ते सांगू शकतील, आणि ते घेण्यासाठी साधी २४-७० लेन्सही पुरते.